पिठाशिवाय कुरकुरीत: एअर फ्रायर आणि कमी कार्बचं जेवण

तिरफळ

नमस्कार मंडळी,

माझे बाबा मालवणचे, वय ७१. गेल्या वर्षी साखर फार वाढली, तेव्हा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांनी मिळून त्यांना दिवसाला ५० ग्रॅम कार्बच्या (म्हणजे कर्बोदकांच्या) आत बसवलं. भात बंद, भाकरी बंद. मालवणी माणसाने भात सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण बाबांनी भाताबद्दल एकदाही तक्रार केली नाही. त्यांना चुकल्यासारखं झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. एक दिवस म्हणाले, "ताटात आता कुरकुर करणारं काहीच नसतं गो, सगळं मऊ मऊ." ते वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून दिवाळीत एअर फ्रायर घेतला.

पहिले दोन महिने माझी फजितीच झाली. नेहमीच्या सवयीने सुरमईच्या तुकड्या तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवल्या असत्या, पण १० ग्रॅम तांदळाच्या पिठात ८ ग्रॅम कार्ब असतात. चार तुकड्यांना ३० ग्रॅम पीठ लागलं तर अर्ध्या दिवसाचा हिशेब तिथेच संपतो. म्हणून पीठ वगळून नुसता मसाला लावला, तर खाली पाण्याचं तळं आणि वर उकडलेला मासा.

मग हळूहळू लक्षात आलं ते असं. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर फारसा जात नाही. खमंगपणा आणि तांबूस रंग यायला १४० अंशांच्या आसपास पोचावं लागतं. म्हणजे वरचं पाणी आटेपर्यंत यंत्राचा आकडा २०० असला तरी आत वाफवणंच चालू असतं. तव्यावर तळताना पीठ हे वरचं पाणी ओढून घेतं आणि तेलात त्याचं कवच होतं. एअर फ्रायरमध्ये तेवढं तेल नसतंच, म्हणून कोरडं पीठ पांढरं, कच्चंच राहतं. हे कळल्यावर मला फार मोकळं वाटलं. पीठ गेलं म्हणून मी हळहळत होते, पण या भांड्यात ते तसंही नीट काम करत नव्हतं. सगळं काम पाणी काढण्याचं आहे.

आता आमच्याकडे जमलेल्या गोष्टी सांगते.

भेंडी सगळ्यात आधी जमली. पाव किलो भेंडी आदल्या रात्री धुऊन, फडक्याने एकेक पुसून ठेवायची. सकाळी उभ्या पातळ फोडी, दोन छोटे चमचे तेल, हळद, तिखट, धणेपूड, आमचूर. मीठ घालायचं नाही! मीठ घातलं की पाणी सुटतं आणि भेंडी चिकट होते. १८० अंशांवर १० ते १२ मिनिटं, मधे दोनदा हलवायची. बाहेर काढल्यावर मीठ भुरभुरवायचं. फायबर वजा केलं तर अख्ख्या पाव किलोत दहा-अकरा ग्रॅम कार्ब होतात, आणि ते तिघांत वाटले जातात.

कारल्याला नेमकं उलट. पातळ चकत्यांना मीठ आधी चोळायचं, वीस मिनिटांनी मुठीत घट्ट पिळायच्या. कडूपणा थोडा जातो आणि पाणीही जातं. मग हळद-तिखट, तेलाचा हात, १७० अंशांवर १५ मिनिटं. शेवटच्या तीन मिनिटांत डोळा ठेवावा, जळायला वेळ लागत नाही.

वांग्याचे काप बाबांच्या फार आवडीचे. बोटाच्या जाडीचे काप, मीठ लावून पंधरा मिनिटं, मग पुसून मालवणी मसाला आणि आमसुलाचा आगळ. वरून तीळ आणि सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस दाबून लावायचा. खोबरं फार लवकर करपतं, म्हणून १६० च्या वर जायचं नाही.

कोंबडीचे पंख कातडीसकट घ्यावेत. आमच्या इथला कोंबडीवाला सवयीने सोलूनच देतो, म्हणून सुरी हातात घ्यायच्या आधी त्याला सांगावं लागतं. अर्ध्या किलोला सपाट एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि मीठ चोळून, फ्रीजमध्ये रात्रभर न झाकता ठेवायचे. कातडी कागदासारखी कोरडी होते. १८० वर २० मिनिटं, मग २०० वर सहा-सात. तेल लागतच नाही, कातडीचीच चरबी सुटते. खाण्याचा सोडा वापरू नका, मी एकदा वापरला आणि साबणासारखी चव आली.

आता माझी अडचण. बोंबील! तीन वेळा केले, तिन्ही वेळा जाळीला चिकटून लगदा झाला. बाबांना बोंबील प्राणाहून प्रिय. कुणाला पिठाशिवाय जमले असतील तर कृपा करून सविस्तर लिहा.

माजघर

सुंदर धागा. भेंडीचं मीठ नंतर घालायचं हे माझ्या आजीनेही सांगितलेलं, कारण आज कळलं.

एक सूचना. हे यंत्र बहुधा १४०० ते १५०० वॅटचं असतं. १५०० वॅट म्हणजे आपल्या २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. आपले छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असतात. आमच्याकडे मिक्सरच्या सॉकेटला लावून तो प्लग इतका तापला की पिवळा पडला. फ्रिज किंवा गिझरसारखं १६ अँपिअरचं मोठं सॉकेट वापरा, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच.

आंबेहळद

लेख छानच. पण मी मधुमेहाच्या ओपीडीत काम करते, त्यामुळे पाककृतींच्या आधी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. तिरफळताईंनी डॉक्टरांना विचारून केलं आहे, वाचणारे सगळे तसं करतीलच असं नाही.

कार्ब एकदम कमी केले की साखर खाली येते. त्याच वेळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आधीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, ही लक्षणं. मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, मग ताट बदलायचं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता खूप जणांना चालू आहेत. या गोळ्यांवर असताना कडक कीटो (कार्ब अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार) केलं तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका वाढतो, आणि त्यात ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं असं काही झालं तर "आकडा तर बरा आहे" म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी स्वतःच्या मनाने हे करूच नये.

कीटो आहार मुळात वजनासाठी निघालेलाही नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी 'कीटोजेनिक' हे नाव वापरलं ते अपस्माराच्या रुग्णांसाठी. आजही औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मुलांना तो देतात, पण आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

तिरफळ

आंबेहळद, मनापासून आभार. बाबांची एक गोळी सुरुवातीलाच बंद केली होती आणि दुसरीची मात्रा कमी केली होती. पहिले पंधरा दिवस आम्ही दिवसातून तीनदा साखर बघत होतो. हे मीच वर लिहायला हवं होतं.

दुर्वांकुर

आम्ही शाकाहारी, त्यात माझी सासू कोथिंबीर वडीशिवाय श्रावण मानत नाही. बेसन म्हणजे डाळ, म्हणजे प्रथिनं, असं आपण धरून चालतो. पण १०० ग्रॅम बेसनात फायबर धरून पन्नासच्या वर कार्ब असतात. एका थाळीच्या वड्यांना दीडशे-दोनशे ग्रॅम सहज लागतं.

चार-पाच वेळा करून जमलेलं प्रमाण देते. दोन वाट्या बारीक चिरलेली कोथिंबीर (धुऊन, पंचावर पसरून पूर्ण सुकलेली), दीडशे ग्रॅम पनीर किसून आणि फडक्यात पिळून, तीन मोठे चमचे जवसाची पूड, दोन मोठे चमचे भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट, दोन चमचे तीळ, आलं-मिरची-लसूण, हळद, हिंग, मीठ. पाणी अजिबात नाही. मळून दहा मिनिटं ठेवायचं. जवस ओलावा ओढून चिकट होतो, बेसनाचं धरून ठेवण्याचं काम तो करतो. मग वळकटी करून मोदकपात्रात पंधरा मिनिटं वाफवायची.

यानंतरची पायरी मी दोनदा गाळली आणि दोन्हीदा वड्यांचा भुगा झाला: वळकटी तासभर फ्रीजमध्ये ठेवायचीच. गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. मग अर्ध्या इंचाच्या वड्या, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल, १९० वर १२ मिनिटं, आठव्या मिनिटाला उलटायच्या.

खरं सांगायचं तर ही बेसनाची वडी नाही, चव वेगळी लागते. जवसाचा वास येतो, ज्यांना जवसाची चटणी आवडते त्यांना आवडेल. सासूबाईंनी पहिल्या दिवशी अर्धी ठेवली, आता स्वतःहून मागतात.

कोळीवाडा

तिरफळ, माझं माहेर वर्सोव्याचं. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, आता निवांत लिहिते.

बोंबील म्हणजे निम्म्याहून बरंच जास्त पाणी. सुरमईचा हिशेब त्याला लावू नका. आमच्याकडे तव्यावरचे बोंबीलसुद्धा दाबल्याशिवाय कुणी करत नाही, आणि एअर फ्रायरमध्ये तर ते दुप्पट निगुतीने करावं लागतं.

मोठे बोंबील घ्या, हाताच्या वितीएवढे. डोकं, शेपटीचं टोक, पर काढून पोटाकडून उभा चिरा, पुस्तकासारखा उघडा आणि मधला काटा अलगद ओढून काढा. थोडं मीठ लावून जाड सुती फडक्यावर ओळीने मांडा, वर दुसरं फडकं, त्यावर पाट, पाटावर वरवंटा. पाट तिरका ठेवा म्हणजे पाणी एका बाजूला निघतं. अर्ध्या तासाने फडकी बदला, ती चिंब झालेली असतील. पुन्हा अर्धा तास. नंतर बोंबील निम्म्या जाडीचा होतो आणि हातात धरला तरी लोंबत नाही. इतका झाला नसेल तर पुढे जाऊच नका.

मग हळद, तिखट, लसणीची गोळी. आगळ किंवा चिंच अगदी बोटाने पुसल्यासारखी, कारण तेही पाणीच. हे दहा मिनिटं मुरू द्या.

आता पिठाच्या जागी काय? जवळा! सुका जवळा निवडून, तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत भाजा, गार करून मिक्सरला जाडसर फिरवा. बोंबील त्यात दाबून घोळवा. कार्ब जवळजवळ शून्य, आणि माशाला माशाचंच कवच. जवळा खारट असतो, म्हणून मसाल्यात मीठ घालू नका. एक लक्षात ठेवा, जवळा एअर फ्रायरमध्ये भाजायला जाऊ नका. तो इतका हलका की पंख्याच्या वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतो आणि घरभर धूर होतो. घोळवल्यावरही सैल राहिलेला जवळा झटकून टाका आणि वरून ब्रशने नाही, थेंब थेंब तेल सोडा. ब्रशने कवच निघतं.

भांडं आधी पाच मिनिटं रिकामं तापवा. जाळीला तेल लावा, बोंबील एकमेकांना न लागता एका थरात ठेवा. चार मावले तर चारच. २०० वर १२ ते १४ मिनिटं, पहिली आठ मिनिटं हात लावू नका. कच्चा बोंबील उलटायला गेलात की तुटलाच. आठ मिनिटांनी त्याने स्वतःच जाळी सोडलेली असते, मग पातळ उलथन्याने फिरवा.

पावसाळ्यात करायला जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मिळणारा बोंबील बहुधा बर्फातला असतो आणि बर्फातल्याला कितीही दाबलं तरी तो धड राहत नाही. त्या दिवसांत सुके बोंबील करा. आमच्याकडे काठ्यांवर जोडीजोडीने अडकवून उन्हात वाळवतात ते. बोटाएवढे तुकडे, पाण्यातून एकदा काढून पुसलेले, तेल-तिखट लावून १८० वर पाच मिनिटं. बाबांना सोलकढीबरोबर द्या.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहते. इकडे कीटोवाले लोक पिठाऐवजी बदामाचं पीठ किंवा किसलेलं पार्मेजान चीज लावतात, काही जण डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरे चुरून लावतात. आमच्या घरी ते चालत नाही, पार्मेजान आणि बदाम चालतं. पनीरच्या जाड पट्ट्यांना फेटलेलं अंडं आणि पार्मेजान लावून १९० वर दहा मिनिटं ठेवलं, तर मुलं फ्रेंच फ्राइज विसरतात. बदामाचं पीठ मात्र गव्हापेक्षा लवकर काळं पडतं, १७०-१७५ च्या पुढे नको.

इकडच्या दुकानात गोठवलेल्या पाकिटांवर 'एअर फ्रायरसाठी' असं मोठं छापलेलं असतं. त्यातल्या बऱ्याच पदार्थांवर मैद्याचं किंवा ब्रेडच्या चुऱ्याचं जाड कवच असतं. तेल कमी म्हणजे कार्ब कमी असं नव्हे, हे मला समजायला चार महिने गेले.

हिरवीमिरची

सुरणाचे काप आणि कच्च्या केळ्याचे काप चालतील ना? भाज्याच आहेत की.

तिरफळ

नाही हो. सुरण, रताळं, कच्चं केळं हे तिन्ही पिष्टमय, १०० ग्रॅममागे वीसच्या आसपास किंवा वर कार्ब. चव उत्तम, एअर फ्रायरमध्ये होतातही छान, पण बाबांच्या ताटात नाही. माझ्या मुलासाठी मी करते. फ्लॉवरचे तुरे करून पहा, दही-मसाला न लावता, नुसतं तेल, जिरेपूड आणि काळीमिरी, २०० वर १५ मिनिटं. कडा तपकिरी होतात आणि गोडसर खमंग लागतात.

माजघर

कमी तेलात इतकं तापवणं आरोग्याला बरं का, असं काही ठिकाणी वाचलं. जाणकारांनी सांगावं.

आंबेहळद

तुम्ही बहुधा अ‍ॅक्रिलामाइड या अपायकारक मानल्या जाणाऱ्या रसायनाबद्दल वाचलं असणार. खाद्यपदार्थांत ते सापडल्याचं २००२ मध्ये स्वीडनमधून जाहीर झालं. बटाटा, ब्रेड असे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या आचेत भाजले-तळले की ते तयार होतं, एअर फ्रायर असो की कढई. मासे, अंडी, पनीर यांत ते फारच कमी होतं. या धाग्यातल्या पदार्थांत तो प्रश्न मोठा नाही. तरी काळं पडेपर्यंत भाजू नये, सोनेरी रंगावर थांबावं.

आणि तेलाचे तयार फवारे जाळीवर मारू नका. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर नॉनस्टिकवर बसतो आणि घासून जात नाही. साधा ब्रश बरा.

दुर्वांकुर

वाढण्याबद्दल एक राहिलं. हे सगळे पदार्थ पिठाच्या कवचापेक्षा लवकर सादळतात. गरम वडी स्टीलच्या ताटलीत ठेवली की तिच्याच वाफेने तळ ओला होतो. मी चहाची मोठी गाळणी उलटी ठेवून त्यावर ठेवते. डब्यात तर झाकूच नये. सादळलंच तर १८० वर तीन मिनिटं, पुन्हा ताजं होतं.

तिरफळ

रविवारी बोंबील केले. कोळीवाडाताई, तुमचं एकेक वाक्य वाचत केले.

फडकी दोनदा बदलली, त्यातून निघालेलं पाणी बघून मी थक्क झाले. तेवढं सगळं पाणी मी आजवर यंत्रात घालत होते! जवळा तव्यावर भाजताना बाबा खोलीतून उठून स्वयंपाकघरात आले, वासावर. आमच्या ४ लिटरच्या भांड्यात एका वेळी तीनच बोंबील मावले, म्हणून दोनदा लावले. आठव्या मिनिटाला उलथनं घातलं तर खरंच जाळी सुटलेली. एक मधे थोडा तुटला, तो मी खाल्ला. बाकीचे अख्खे निघाले, कडा तांबूस, वर जवळ्याचं खरखरीत कवच, आत लोण्यासारखा मऊ मासा.

बाबांनी पहिला घास तोडला त्याचा आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. चार खाल्ले, मग सोलकढी प्यायले. ताट उचलताना म्हणाले, "आज माका भाताची आठवण येवक नाय."

आता मांदेली आणायच्या आहेत. त्यांनाही जवळा लावू का?

कोळीवाडा

वाचून डोळे भरून आले हो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

मांदेलीला काही लावू नका. डोकं आणि पोट काढून, धुऊन, चाळणीत तासभर निथळत ठेवा. हळद, तिखट, मीठ, तेल. २०० वर १० मिनिटं, मधे एकदा हलवा. काट्यासकट खाता आल्या पाहिजेत, नाही खाता आल्या तर आणखी दोन मिनिटं ठेवा.